कुस्ती, कराटे, बॉक्सिंग : खऱ्या भांडणात नक्की काय कामाला येतं?

कोरेगावकर

साताऱ्यात शाळेसाठी राहणारा माझा भाचा यंदा नववीत गेलाय. त्याला कुठं घालायचं यावरून घरात तीन तट पडलेत. आजोबा तालमीवर ठाम आहेत. वडलांना कराटेचा क्लास हवाय. पोराला स्वतःला मोबाईलवर बघून बघून मिक्स्ड मार्शल आर्ट्सचं वेड लागलंय. आजोबा म्हणतात, गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले ते याच जिल्ह्याच्या मातीतून, मग शोध कसला घेताय? वडील म्हणतात, कुस्तीत पंच असतो, एस.टी. स्टँडच्या मागं नसतो.

माझं मत आधी मांडतो, मग तुम्ही खोडून काढा. कला कुठल्या देशातली, किती जुनी, पट्टा कुठल्या रंगाचा हे सगळं मी नंतर बघतो. रोजच्या सरावात समोरचा माणूस मनापासून विरोध करतो की नाही, हे आधी बघतो. ज्याला रोज कुणीतरी जीव तोडून पाडायला बघतंय, त्याला अंगावर आलेल्या माणसाचं नवल वाटत नाही. ज्यानं वर्षानुवर्षं हवेत हात मारलेत त्याला पहिल्या धक्क्यालाच काही सुचत नाही.

मी कॉलेजात असताना ज्युदो खेळलो, म्हणून तिथलं उदाहरण देतो. जिगोरो कानोंनी १८८२ साली टोकियोत कोडोकान सुरू केलं. जुजुत्सू या जपानच्या जुन्या बिनहत्यारी लढाईच्या कलेतले ठोसे, लाथा, बोटं पिरगाळणं असे प्रकार त्यांनी मोकळ्या लढतीतून बाहेर काढले आणि ठरावीक हालचालींच्या काता प्रकारात ठेवले. राहिलं काय? फेकणं, दाबून धरणं, गळा आवळणं, कोपर उलटवणं. वरवर बघता कला बोथट झाली. पण जे राहिलं ते पोरं रोज पूर्ण ताकदीनं एकमेकांवर करू शकत होती. हीच रांदोरी. डोळ्यात बोट घालायचा डाव कितीही घातक असला तरी तो मित्रावर रोज करता येत नाही, आणि जो रोज करता येत नाही तो ऐनवेळी हातातून निघत नाही.

तालीम, क्लास, रिंग, ज्यांनी जिथं घाम गाळलाय त्यांनी लिहा. साताऱ्या-सांगलीचे लोक असतील तर उत्तमच.

तांबडी माती

आजोबांचं बरोबर आहे. मी कराडच्या बाजूला तालमीतच वाढलो, आता पोरांना खेळवतो. जोर, बैठका, दोर चढणं, हौदा, म्हणजे आखाड्याची माती, खणणं ही नुसती तयारी झाली. त्याच्यापुढं लढती असतात. रोज वेगवेगळ्या गड्यांबरोबर धरायचं, त्यात दोघं-तिघं तुमच्यापेक्षा जड. जड गडी पाठीवर बसून मान दाबायला लागला की पहिल्या महिन्यात पोरगं रडतंय. सहा महिन्यांनी तेच पोरगं खालून शांतपणे श्वास घेत घिस्सा डाव मारून निघतंय. कोरेगावकर, तुम्ही म्हणताय तो विरोध ह्याच्यापेक्षा खरा कुठं मिळणार?

भांडणात दोन माणसं भिडली की कॉलर, दंड, कंबर धरतातच. एकदा धरलं की तो आमचा प्रांत. एकेरी पट, दुहेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक किंवा दोन्ही पाय धरून पाडणं, मागं जाऊन कंबर धरणं, टांग. ज्याला पडायचं कसं आणि पाडायचं कसं माहीत नाही त्याचे पाय मातीवरच काय, कशावरच टिकत नाहीत. खाशाबांची ढाक, म्हणजे समोरच्याला आपटायचा डाव, बघितलेली माणसं आमच्याकडं परवापरवापर्यंत होती. ५७ किलो गटातला गडी, पण मान आणि कंबर एकदा हातात आली की समोरचा गेला. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंनी १९६२ च्या जकार्ता एशियाडला सुवर्ण आणलं. ही माणसं नुसती अंगानं मोठी नव्हती, दुसऱ्याचं अंग त्यांना हातानं वाचता यायचं.

आणि एक. तालमीबाहेर हात उचलला तर वस्ताद लंगोट काढून घेतात. हे पोराच्या वडलांना सांगा.

पांढरी पट्टी

मी सांगलीत विश्रामबागला कराटे शिकवते. कुस्तीबद्दल आदर आहेच, पण 'हवेत हात मारणं' असं म्हणून सगळं कराटे एका गोणीत भरू नका. कराटेतल्या शोतोकान या प्रकाराची स्पर्धा अंतरावर आणि नियंत्रणावर चालते. मासुतात्सु ओयामांच्या क्योकुशिन या दुसऱ्या प्रकारात ग्लोव्ह न घालता छातीवर-पोटावर पूर्ण ताकदीचे ठोसे आणि मांडीवर लाथा मारतात, फक्त हातानं चेहऱ्यावर मारायला बंदी. त्या लढतीत विरोध नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा मांडीवर लाथ खाऊन बघावी.

दुसरा मुद्दा अंतराचा. पट काढायला आत यावं लागतं आणि आत येताना डोकं खाली जातं. आखाड्यात तिथं गुडघा येत नाही, बाहेर येतो. शिवाय भांडण सुरू होतं ते उभ्यानं, हातभर अंतरावर, तोंडानं. ते अंतर ओळखणं, त्यातून अर्धं पाऊल मागं सरकणं आणि समोरच्याचा खांदा हलला की हात वर येणं, हे मी पहिल्या वर्षी शिकवते. भाच्याला मार चुकवायचाय की मेडल हवंय, ते आधी ठरवा.

अजिंक्यतारा

हा वाद १९९३ मध्येच निकालात निघाला. नोव्हेंबरमध्ये डेन्व्हरला पहिली यू.एफ.सी., म्हणजे वेगवेगळ्या कलांच्या लढवय्यांची स्पर्धा, झाली. वजनगट नाहीत, बॉक्सर, किकबॉक्सर, सुमोवाला, कराटेवाला, सगळे एकाच पिंजऱ्यात. अंगानं फार मोठा नसलेला रॉयस ग्रेसी एका रात्रीत तीन लढती जिंकला, ब्राझिलियन जुजुत्सूवर. बाकीच्यांना जमिनीवर पडल्यावर काय करायचं हेच माहीत नव्हतं. ग्रेसींकडं ही विद्या गेली ती कोडोकानच्या मित्सुयो माएदाकडून, म्हणजे फिरून कोरेगावकरांच्या ज्युदोकडंच. आणि १९५१ ला ब्राझीलमध्ये ज्युदोच्याच किमुरानं रॉयसच्या वडलांना, एलिओ ग्रेसीला, हरवलेलं.

भाच्याला थेट मिक्स्डमध्ये घाला. सगळंच मिळतं.

कोरेगावकर

अजिंक्यतारा, निकाल लागला असं मला वाटत नाही. त्या पिंजऱ्यातही चावायला आणि डोळ्यात बोटं घालायला बंदी होती. एकास एक, मऊ जमीन, हातात हत्यार नाही. त्या रात्री एवढंच सिद्ध झालं की जमिनीवरची लढत ज्याला परकी आहे त्याला ती जाणणारा गुंडाळतो. पुढं बाकीच्यांनी खाली जाणं टाळायला शिकून घेतलं आणि चित्र बदललं. आज तिथं वर आलेल्यांत लहानपणापासून कुस्ती खेळलेले भरपूर सापडतात, कारण लढत उभ्यानं व्हायची की खाली, हे तेच ठरवतात.

पांढरी पट्टीताई, क्योकुशिनबद्दल मान्य. पण स्पर्धेचे नियम अंगात कसे मुरतात ते टोकियो ऑलिंपिकमध्ये जगानं पाहिलं. कराटेच्या ७५ किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदीच्या खेळाडूची लाथ डोक्यावर बसून इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला. आघात प्रमाणाबाहेर होता म्हणून लाथ मारणारा बाद झाला आणि स्ट्रेचरवरून नेलेल्या गंजजादेहला सुवर्ण मिळालं. खेळ म्हणून तो निर्णय योग्यच होता. पण लाथ पोचायच्या आत रोखायची, हे ज्या खेळात वर्षानुवर्षं गिरवलं जातं, तिथं शरीर तेच शिकणार ना?

पांढरी पट्टी

शरीर ते शिकतं हे खरं. म्हणून तर वरच्या वर्गाला मी हेल्मेट आणि चेस्ट गार्ड घालून पूर्ण जोरानं खेळवते. जे क्लास तसं करत नाहीत आणि दर तीन महिन्यांनी परीक्षेची फी घेऊन पट्टा बदलतात, त्यांचा राग मलाही तुमच्याइतकाच आहे. त्यांच्यामुळं पालक सगळ्यांनाच त्याच मापानं मोजतात.

मिरज रात्रपाळी

बराच वेळ वाचतोय. मी मिरजेत अपघात विभागात डॉक्टर आहे. तुमच्या चर्चेतली माणसं भांडणानंतर माझ्यापुढं येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुठीनं मारणारे बरेचदा स्वतःचाच हात मोडून घेतात. करंगळीच्या मुळाशी तळहातात जे हाड असतं त्याची मान मोडते, कारण कवटी त्या हाडापेक्षा कठीण आहे. बॉक्सर पट्टी आणि ग्लोव्हच्या आत मूठ ठेवतो, रस्त्यावर दोन्ही नसतात. दुसरा प्रकार याहून फसवा. समोरच्याच्या दातावर मूठ बसते आणि बोटाच्या सांध्यावर अर्धा सेंटिमीटरची जखम होते. माणूस हळद लावून घरी बसतो. तोंडातले जंतू सांध्यात शिरलेले असतात. दोन दिवसांनी हात सुजून लाल होतो आणि मग ऑपरेशन करून सांधा धुवावा लागतो. अशी जखम कितीही लहान दिसली तरी त्याच दिवशी दाखवा.

पण माणूस जिवानिशी जातो तो ठोशानं कमी, जमिनीनं जास्त. ठोसा किंवा धक्का बसतो, शुद्ध क्षणभर हरपते, हात टेकवले जात नाहीत आणि डोकं डांबरावर किंवा गटाराच्या कठड्यावर आपटतं. कानशिलाजवळ कवटी पातळ असते आणि तिच्या आतून रोहिणी, म्हणजे रक्तवाहिनी, जाते. ती फाटली तरी माणूस उठून बसतो, बोलतो, घरी जातो, जेवतो. काही तासांनी डोकं ठणकायला लागतं, उलट्या होतात, झोप आवरत नाही. घरचे म्हणतात झोपू दे. तिथंच वेळ जातो. भांडणात डोक्याला मार लागलाय आणि नंतर उलटी, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, हातापायातला जोर जाणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका.

त्यामुळं तांबडी मातीदादा, तुमची ढाक हौद्यात सुंदर दिसते. तीच सिमेंटवर मारली तर माणूस मरू शकतो, आणि मारणाऱ्याच्या मनातही ते नसतं. कुस्ती चालत नाही असं नाही, ती गरजेपेक्षा जास्त चालते.

चाकूबद्दल एकच. वार झालेल्या बऱ्याच जणांना चाकू दिसलेलाच नसतो, आधी ठोसा बसल्यासारखं वाटतं. बाहेरून जखम बोटाएवढी असते आणि रक्त पोटात साठत असतं. कुठल्याही क्लासमध्ये चाकू हिसकावून घेण्याचा डाव शिकवत असतील तर तो सराव बघा. हल्ला करणारा एकदाच हात पुढं करून तसाच थांबतो. खरा माणूस हात मागं घेऊन परत परत मारतो.

कृष्णाकाठची

डॉक्टरांचं वाचून बरं वाटलं. तोवर सगळे दोन पुरुष समोरासमोर उभे आहेत असंच धरून लिहीत होते. आम्हा बायकांच्या वाट्याला येतं ते असं नसतं. गर्दीच्या बसमध्ये मागून येतं, जिन्यात मनगट धरलं जातं, आणि धरणारा बरेचदा ओळखीचाच निघतो. तिथं अंतर नसतंच, आधीच धरलेलं असतं.

म्हणून माझं मत कुस्ती आणि ज्युदोकडं झुकतं. आपल्यापेक्षा जड माणूस अंगावर असताना घाबरून गोठायचं नाही, कंबर फिरवून जागा करायची आणि उठायचं, ही गोष्ट रोज अंगावर वजन घेतल्याशिवाय येत नाही. एका दिवसाच्या स्वसंरक्षण शिबिरात मुलींना शिकवलं जातं की मनगट असं फिरवा, सुटतं. शेजारची मैत्रीण हलकं धरते, म्हणून सुटतं.

आपल्याकडं हे आता दूरचं राहिलेलं नाही. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ साली सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या दोघी जणी मॅटवर जायला लागल्या. त्यातल्या एकीच्या आईनं मला विचारलं, कान मोडले तर लग्नाचं काय? मी म्हटलं, कानाला गार्ड मिळतं, घालायला लावा. आणि आवाजाचा सराव कुणीच घेत नाही. 'हात काढ' हे भर बसमध्ये मोठ्यानं म्हणायलाही सरावच लागतो, आणि माझ्या अनुभवात कितीतरी प्रसंग तिथंच संपतात.

पांढरी पट्टी

ताई, आवाजाचं शंभर टक्के. सोमवारपासून मुलींच्या बॅचमध्ये घेते.

वाळवेकर

मर्दानी खेळाचं कुणीच नाव घेईना म्हणून लिहितो. लाठी, दांडपट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला), भाला ही आपली विद्या रणांगणावरची आहे, ती एकास एक धरून केलेलीच नाही. चारी बाजूंनी माणसं असताना सतत फिरत राहायचं, पाठ कुणाला द्यायची नाही, हे लाठीच्या पहिल्या फेऱ्यांत येतं. समोर दोघं-तिघं असतील तर पट काढून खाली बसणारा पैलवान काय करणार? एकाला दाबेपर्यंत दुसरा डोक्यात घालतो. हातात चार हात काठी असेल तर कोयतावालाही जवळ यायच्या आधी विचार करतो.

कोरेगावकर

वाळवेकर, दोघं-तिघं असताना खाली जायचं नाही, हे अगदी बरोबर आणि ते मी लिहायला हवं होतं. अंतराचंही पटतं. पण शिवजयंतीच्या मिरवणुकीत जे दिसतं त्यात विरोध करणारा कुठाय? दांडपट्ट्याखाली लिंबू कापलं जातं. लिंबू हलत नाही. मला त्यातला फरी-गदका महत्त्वाचा वाटतो. एका हातात ढाल, दुसऱ्यात गदका म्हणजे सरावाची काठी, आणि समोर तसाच दुसरा गडी. तिथं मार लागतो, चुकतो, वेळ साधावी लागते. मर्दानी खेळाच्या आखाड्यांनी प्रात्यक्षिकं थोडी कमी करून फरी-गदक्याच्या लढती वाढवल्या तर ती विद्या पुन्हा जिवंत होईल असं मला मनापासून वाटतं.

हेच चीनमध्ये उघडं पडलं. २०१७ मध्ये शू शियाओदोंग नावाच्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या प्रशिक्षकानं स्वतःला ताय ची चा गुरू म्हणवणाऱ्या एकाला काही सेकंदांत खाली घेतलं. त्या गुरूला हालचाली येत नव्हत्या असं नाही. त्याच्यावर तोवर कुणी खरोखर चालून गेलं नव्हतं.

वाळवेकर

लिंबाचं लागलं, पण खरं आहे. आमच्याकडं फरी-गदका खेळणारी जुनी माणसं बोटावर मोजण्याइतकी उरलीत. त्यांच्याकडं पोरं पाठवायला पाहिजेत.

कोर्टाची पायरी

सातारा जिल्हा न्यायालयात वकिली करतो. एक बाजू राहिली म्हणून लिहितोय.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. हक्क खरा आहे, कुणी अंगावर आलं तर मार खात उभं राहा असं कायदा म्हणत नाही. पण बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. समोरचा पळाला आणि तुम्ही पाठलाग करून मारलं, की तो बचाव राहिला नाही. समोरचा खाली पडल्यावर घातलेल्या लाथा कॅमेऱ्यात दिसतात, आणि पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत दुकानादुकानाला कॅमेरा आहे. आधी शिवी कुणी दिली हे कॅमेऱ्याला ऐकू येत नाही.

आपला जिल्हा सैनिकांचा. अपशिंग्यासारख्या गावात घरटी माणूस फौजेत. पोरं पहाटे रस्त्यानं धावतात ती सैन्य आणि पोलीस भरतीसाठीच. भरतीत चारित्र्य पडताळणी असते आणि मारामारीचा गुन्हा दाखल असेल तर तो सांगावा लागतो. अठराच्या आतल्याला बालन्याय कायद्याचं संरक्षण आहे, पण नववीतला पोरगा चार-पाच वर्षांत अठरा ओलांडतो. माझ्याकडं येणारी अशी बहुतेक पोरं भांडण जिंकलेली असतात.

अजिंक्यतारा

वकीलसाहेब, मग शिकायचंच कशाला? पळायलाच शिकवा.

तांबडी माती

गड्या, पळायला पण दम लागतो आणि पळायचं कधी हे कळायला डोकं थंड लागतं. ज्याला मार खायची भीती आहे तोच आधी हात उचलतोय, हे मी तालमीत आयुष्यभर बघतोय. नवीन पोरगं सारखं चिडतंय. वर्षभर आपटलं गेलं की त्याला कुणाला काही दाखवायचं राहत नाही.

डॉक्टरांचं ढाकेबद्दल मानलं. बाहेर पाडायची वेळ आलीच तर कंबर धरून सोबत खाली बसायचं, डोकं आपटू द्यायचं नाही, हे मी आजपासून पोरांना वेगळं सांगणार. पण ताईंचा गुडघ्याचा मुद्दा अर्धाच पटला. चांगला पट डोकं खाली घालून काढत नाहीत, नजर वर आणि पाठ सरळ ठेवून काढतात. डोकं खाली गेलं तर आमच्याकडंही वरून मान धरली जाते. ठोशांचं मात्र खरं आहे. आमचं पोरगं तोंडावर ठोसा आला की डोळे मिटतंय, कारण त्यानं तो कधी बघितलेलाच नाही.

कोरेगावकर

दादा, माझ्या मते यातलं सर्वात कळीचं वाक्य तुम्हीच लिहिलंत. विरोध असला तरी तो कुठल्या प्रकारचा, हे मी सुरुवातीला धरलं नव्हतं. पैलवानाला ठोशाचा विरोध माहीत नाही, बॉक्सरला कंबर धरणाऱ्याचा नाही, दोघांनाही तिसऱ्या माणसाचा नाही. सगळीकडून सगळं शिकायला नववीतल्या पोराकडं वेळ नाही. म्हणून एक पाया आणि एक जोड. पाया कुस्तीचा, कारण तोल, मान, पकड आणि दम या गोष्टी याच वयात लागल्या की आयुष्यभर पुरतात. दहावी झाली की जोडीला बॉक्सिंग. थोड्या महिन्यांत सर्वात जास्त देणारी गोष्ट तीच वाटते, निदान ठोसा येताना डोळे उघडे राहतात. डॉक्टर, मूठ कवटीवर चालवायची नाही हे त्याला आधी बजावतो.

मिरज रात्रपाळी

बॉक्सिंगला घातलंत तर सरावात डोक्यावर जड ठोसे किती बसतात त्यावर लक्ष ठेवा. वाढत्या वयातला मेंदू आहे. ठोसा लागून गरगरलं तर त्या दिवशी खेळ बंद, आणि पूर्ण बरं वाटेपर्यंत पुन्हा रिंग नाही. तालमीत गजकर्णाची लागण फार होते. लढत झाली की लगेच साबणानं अंघोळ, लंगोट रोज धुतलेला, टॉवेल स्वतःचा. स्पर्धेच्या आधी वजन उतरवायला पाणी तोडायला सांगितलं तर या वयात साफ नकार द्या.

पांढरी पट्टी

भाचा माझ्याकडं येत नाही याचं वाईट वाटलं, पण निर्णय विचार करून घेतलाय. कुठलीही जागा ठरवताना तासाच्या सुरुवातीला जाऊ नका, शेवटची वीस मिनिटं बघा. पोरं एकमेकांशी मोकळी लढतायत का, शिकवणारा स्वतः त्यात उतरतो का, आणि हरलेल्या पोराशी तो काय बोलतो, हे तिघांच्या नजरेनं बघा. वडलांना सोबत न्या.

कोरेगावकर

रविवारी तिघंही येतो, आजोबा धरून. तांबडी मातीदादा, तुमची तालीम कराडकडं, पोरगं साताऱ्यात. शहरात ओळखीचे कुणी वस्ताद आहेत का? शाळा साडेदहाची आहे, संध्याकाळी ट्यूशन.

तांबडी माती

आहेत. माझ्याबरोबर खेळलेलेच आहेत, नंबर मेसेज करतो. पहाटे साडेपाचला हजर राहायचं, आठला मोकळा, शाळा चुकत नाही. पहिले दोन महिने नुसती मेहनत आणि मानेचे व्यायाम, लढत मागितली तरी मिळणार नाही. बदाम-थंडाईचा खर्च लगेच काढू नका, दूध, भाकरी, डाळ, अंडी चालत असतील तर अंडी, एवढं पुरे. आणि मोबाईल तालमीच्या दारात ठेवावा लागतो, हे त्याला आजच सांगून ठेवा.